तोंडी परीक्षेचा कौल

"किबा दाची म्हणजे काय?" असं परीक्षकांनी विचारलं आणि मी खुर्ची मागे सारून थेट किबा दाचीत उभी राहिले. पाय फाकवलेले, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, घोड्यावर बसल्यासारखी. परीक्षक कोल्हापूरहून आलेले होते आणि स्वभावाने बरे असावेत, कारण ते हसले नाहीत. "ताई, दाखवू नका," ते म्हणाले. "दाखवायची परीक्षा काल झाली. आज सांगायचं." सांगायचं म्हटल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. ते विचारत गेले आणि मी प्रत्येक प्रश्नाला हात नाहीतर पाय उचलत गेले. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

अशी मी कराटेच्या ब्लॅक बेल्टमध्ये अर्धी पास झाले. आमच्याकडे या परीक्षेचे दोन भाग असतात, एक अंगाचा आणि एक तोंडाचा. अंगाचा सुटला की सुटला. तोंडाचा राहिला तर पुढच्या खेपेस तेवढाच द्यायचा. उभं राहण्याच्या पवित्र्यांची जपानी नावं, अडवण्याचे प्रकार, लाथांचे प्रकार, कशाचा अर्थ काय, वाकून नमस्कार कधी आणि कोणाला, असं सगळं एका झेरॉक्स चोपडीत असतं. ते पाठ करायचं आणि धडाधड म्हणून दाखवायचं. माझ्या हातापायांना हे सगळं येत होतं. तोंडाला येत नव्हतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला पाठांतर करायला लावणं म्हणजे काय, ते लावणाऱ्यांना कळत नाही.

मी मुळात कराटे शिकायला गेलेच नव्हते. मी मालवणजवळच्या एका हायस्कुलात क्लार्क. शाळेत मुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू झाला तेव्हा शिकवणारे सर पुरुष, म्हणून हॉलमध्ये एक बाईमाणूस बसलेलं असावं असं ठरलं आणि ती खुर्ची माझ्या गळ्यात पडली. शाळा सुटल्यावर दीड तास नुसतं बसायचं. थोडे दिवस मी बसले. मग एकदा साडीचा पदर खोचून शेवटच्या रांगेत उभी राहिले, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मुली खिदळल्या. सर माझ्याहून लहान, ते म्हणाले, "ताई, मूठ अशी नाही, अंगठा बाहेर." पुढच्या आठवड्यात मी पंजाबी ड्रेस घालून आले.

त्या हॉलमध्ये मला आनंद व्हायचा. याहून मोठा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही. दिवसभर दाखले, हजेरी, "मॅडम, सही", घरी आल्यावर गॅस, मासळी, पाण्याची मोटर. मधल्या दीड तासात मला कोणी काही मागत नसे. सर आकडा ओरडायचे आणि माझा हात पुढे जायचा. मुली दहावी होऊन निघून गेल्या, नवीन आल्या, मी राहिले. पट्ट्याचे रंग बदलत गेले.

घरी मी आणि सासूबाई दोघीच. नवरा मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येतो. मुलगा रत्नागिरीला हॉस्टेलवर. सासरे जाऊन काही वर्षं झाली. सासूबाईंनी माझ्या कराटेला कधी "नको" म्हटलं नाही. त्यांचा विरोध वेगळ्या जातीचा. शेजारीण आली की तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "आमची सून उड्ये मारूक गेली हा. येयत आता, तिनसांजेक." मी घरी आले की पाय धुवायला पाणी काढून ठेवलेलं असायचं आणि तोंड मिटलेलं असायचं.

मी तोंडी परीक्षेत नापास झाले हे कळल्यावर मात्र त्यांचा नूरच पालटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "पुन्ना बसतंस मां? मगे देवाक सांगान ठेवया. देवाक सांगल्याबिगर गेलंस म्हणान असा झाला."

मला हसू आलं. कोल्हापूरचे परीक्षक, जपानी नावं आणि आमची ग्रामदेवता, याचा मेळ कुठे बसायचा? पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या बाजूने काही करत होत्या. मी नारळ, फुलं घेतली आणि त्यांच्याबरोबर देवळात गेले.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. गावकर, म्हणजे ज्याच्या घराण्याकडे तो मान असतो तो म्हातारा, देवासमोर उभा राहून मोठ्याने देवाला सगळं सांगतो, कोण आलंय, काय हवंय, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे "व्हय म्हाराजा" कोणी विचार करून म्हणत नाही. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं असतं. गावकराचा आवाज एका विशिष्ट पट्टीला चढला आणि थांबला, की तोंडातून ते आपोआप बाहेर येतं.

गावकराने सासूबाईंना जवळ बोलावून काय सांगायचं ते विचारून घेतलं. मी लांब उभी होते, चपलांवर लक्ष ठेवून. मग त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची सून परीक्षेक बसता हा. भाषा परकी आसा, तोंडात बसणा नाय. तिच्या तोंडात तू बस आणि तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत वरचा होता.

"आणि यश दिल्यावर हिच्या मागचा ह्या उड्ये मारूचा खूळ सुटांदे. वर्गाक जावचा बंद करून हिचा चित्त घरात रवांदे. तुझ्या साक्षीन आजपासून असा ठरला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून म्हटलं. म्हणून झालं आणि मग शब्द डोक्यात शिरले. डोळे उघडले तर सासूबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

नंतर कौल लावला. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. आमच्या घराचा कौल लागायला एरवी अर्धा अर्धा तास जातो. त्या दिवशी गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पाकळी टपकन खाली आली. माणसं खूश झाली. एकीने माझ्या पाठीवर हात ठेवून "आता भिया नको गो" म्हटलं.

देवळाबाहेर पडल्या पडल्या मी तडकले. "आई, ह्या काय मागलास तुमी? माका विचारूचा तरी!"

"तू व्हय म्हटलंस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी आयकलंय."

"सगळी म्हणतत तसा म्हटलंय!"

"देवाक काय ठावक, कोण कसा म्हणता ता?"

मी शाळेत एकेक सही तीनतीनदा तपासून घेते, आणि स्वतःची सही अशी देवळात देऊन आले. रात्री नवऱ्याला फोन केला, तर तो हसत सुटला. म्हणाला, "आदी पास तर हो. मगे बघू." पुरुषांना "मगे बघू" परवडतं.

मी तशी देवभोळी नाही. उपास धरत नाही, कौलाबिवलाची थट्टाही करते. त्यामुळे मला वाटलं, आठवडाभरात हे डोक्यातून जाईल. गेलं नाही. वर्गात उभी राहिले की वाटे, हे आता मोजकं उरलंय. पास झाले तर वर्ग सुटणार. नापास झाले तर वर्ग राहणार, पण मग देवाचा कौल खोटा ठरणार, आणि आमच्याकडे कौल खोटा ठरला की देवाला कोणी बोल लावत नाही, घरात दोष शोधतात. सासूबाई दर रविवारी देवळाच्या पायऱ्या झिजवत बसल्या असत्या, काय चुकलं ते विचारत. इकडे आड, तिकडे विहीर.

एकदा कसालच्या बाजारात गावकर भेटला. हातात भाजीची पिशवी, चेहरा अगदी साधा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की हे मागे घेता येतं का.

"येता," तो म्हणाला. "दुसरा गाराणा घालूचा, चुकली माकली पोटात घाल म्हणान सांगाचा. पण जेणी मागल्यान, तेणीच सोडूक होया. सासूक घेवन ये."

"आणि मी एकटी इलंय तर?"

"तू तर नुसता व्हय म्हटलंस गो," तो म्हणाला आणि भेंडी निवडायला वळला.

म्हणजे बांधायला माझं "व्हय" पुरलं होतं, सोडायला पुरत नव्हतं. मला इतका राग आला की मी भाजी न घेताच बसमध्ये चढले.

दरम्यान घरात अभ्यास सुरू झाला होता, आणि तो मी नाही, सासूबाईंनी सुरू केला होता. पहाटे चहाचा कप उशाशी. मासळी आली की "तू रव, मी साफ करतंय, तू वाच." चोपडी कपाटावर राहिली तर आणून हातात देत. त्यांना चौथीपर्यंतचं वाचता येतं. चष्मा लावून, चोपडी लांब धरून त्या मला विचारायच्या, "को... कुत्सु दाची. सांग."

"मागच्या पायावर भार. सत्तर टक्के मागे, तीस पुढे."

"आगे उके."

"डोक्यावर येणारा वार वर उचलून अडवणं."

"गेदान बाराई. ह्या काय बराय काय?"

"बराई. खालचा वार झटकून टाकणं."

मला शिकवायला त्यांच्याइतकी चिवट बाई दुसरी मिळाली नसती. मी चुकले की त्या पुढे जायच्या नाहीत. सोलकढीला नारळ पिळता पिळता जपानी आकडे म्हणवून घेत, आणि माझा सात चुकला तर तिथूनच ओरडत. इची, नी, सान, शी त्यांच्या तोंडात मालवणी हेल घेऊन बसलं होतं. शेजारीण विचारायची, "ह्या काय, मंतर?" सासूबाई म्हणायच्या, "परीक्षा आसा." अभिमानाने म्हणायच्या, हे मला स्पष्ट ऐकू यायचं. माझ्या पास होण्याची मला नसेल एवढी ओढ त्यांना होती, आणि ती कशासाठी, हे मला माहीत होतं. त्यांच्या हातचा चहा पिताना कधी डोळे भरून यायचे, कधी तो कप आपटावासा वाटायचा. दोन्ही एकाच कपाला.

मुद्दाम नापास व्हावं असंही मनात आलं. एक दिवस मी सरावच केला त्याचा. सासूबाईंनी विचारलं आणि मी गप्प बसले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी गप्प. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या आणि मला एकदम ते कोल्हापूरचे परीक्षक आठवले, टोपण लावलेलं पेन आठवलं. आपल्याला येत असताना पुन्हा एकदा ढ म्हणून त्या खुर्चीवरून उठायचं? ते माझ्याच्याने झालं नसतं. उत्तर तोंडातून निघून गेलं. "बरा," सासूबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

शेवटी मी ठरवलं की सरळ बोलायचं. चला माझ्याबरोबर देवळात आणि मागितलेलं सोडा, असं तोंडावर सांगायचं. वर्गात त्या दिवशी सरांनी माझी उजळणी घेतली, त्यात उशीर झाला, त्यात एसटी चुकली. घरी पोचले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. घरात दिवा नव्हता. मला वाटलं, लाइट गेली. पण शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

सासूबाई अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसल्या होत्या. मांडीवर टॉर्च, विझलेली.

"आई, भायर कित्या बसलास?"

"हयच," त्या म्हणाल्या. "वारो बरो आसा."

वारा अजिबात नव्हता. डास होते. मी आत जाऊन बटण दाबलं. पाहते तर देवाची समई कोरडी, चूल थंड, दुपारचा चहाचा कप तसाच. त्या दुपारपासून आत आल्याच नव्हत्या. मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्या आपणच बोलल्या.

"हे गेल्यापासून तिनसांज झाली काय घर खावक येता गो माका. दिवो लावक आत जावचा म्हटला तरी पाय उचलणा नाय. तू इलंस काय मगे जातंय."

"रोज?"

"तुझो वर्ग आसता तेवां."

म्हणजे इतकी वर्षं. मी हॉलमध्ये आनंदात होते तेव्हा ही बाई अंगणात बसून माझी वाट बघत होती, आणि मी फाटकाशी दिसले की उठून, आत जाऊन, माझ्यासाठी पाय धुवायला पाणी काढत होती. मला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते देवाला, तेही खुळाच्या नावाखाली.

मी काय बोलायचं ठरवून आले होते, ते बोलले नाही. त्यानंतर कधीच बोलता आलं नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाला निदान बाहेर पडायला दार असतं. वर्गाची वेळ बदला म्हणून मी सरांना विचारलंही, पण शाळेचा हॉल शाळा सुटल्यावरच मिळणार. सासूबाईंना शेजारणीकडे जाऊन बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात दिव्यावक्ताक जावन बसाचा? लोका काय म्हणतीत?"

तोंडी परीक्षा कुडाळला होती. तेच परीक्षक. मला पाहून त्यांना ओळख पटली आणि ते म्हणाले, "आज बसूनच उत्तरं द्यायची हं." मी हात मांडीखाली दाबून ठेवले. त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेले. काही उत्तरं तर माझ्या आवाजात आलीच नाहीत, सासूबाईंच्या हेलात आली. एकदा त्यांनी मान वर करून पाहिलं, पण चूक काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "काळा पट्टा म्हणजे शोदान. शोदान या शब्दाचा अर्थ?"

"पहिली पायरी," मी म्हटलं. "काळा पट्टा म्हणजे शेवट नाही. इथून शिकायला सुरुवात होते. त्याच्यापुढे दुसरी, तिसरी, अशा पायऱ्या असतात. पट्टा काळाच राहतो."

"उत्तम. मग पुढचा अभ्यास कधीपासून?"

हा प्रश्न चोपडीत नव्हता. मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, ताई पुन्हा घाबरल्या. हसून त्यांनी कागदावर सही केली आणि माझं अभिनंदन केलं.

पट्टा घेऊन मी उजेडीच घरी आले. सासूबाई दारातच होत्या. सरांनी फोन केला होता. त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली, मीठमोहरीने दृष्ट काढली, आणि रडल्या. खरंच रडल्या. पट्टा देवापुढे ठेवला. मग मी चहा ठेवला तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या आणि बराच वेळ ओचा चाळवत राहिल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ह्या काळ्याच्या फुडे अजून काय आसता?"

पाठ म्हणवून घेण्याच्या निमित्ताने त्यांनी कितीदा ती चोपडी चाळली होती, पण पुढच्या पायऱ्यांचं ते शेवटचं पान मी कधी त्यांच्या हाती लागू दिलं नव्हतं. का दिलं नव्हतं, ते तेव्हा मला कळलं.

"नाय आई," मी म्हटलं. "काळ्याफुडे काय नाय. हो शेवटचो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि देवळातल्या त्या दिवसापासूनचं त्यांच्या तोंडावरचं काहीतरी उतरलं.

"मगे बरा," त्या म्हणाल्या. "मी उगीच जिवाक लावन घेतल्लंय. माका वाटा होता, मी तुझा काय ता अर्ध्यातच मोडलंय."

त्यांनी चहा घेतला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे खारी मागितली.

सरांचा अधूनमधून फोन येतो. दुसऱ्या पायरीचा फॉर्म आलाय, ताई, वर्गात या, मुली विचारतात. फोन संध्याकाळीच येतो आणि त्यांचा आवाज मोठा आहे. मी लगबगीने उठते आणि माडांच्या पलीकडे, कुंपणापर्यंत जाऊन बोलते, कारण सासूबाईंचे कान अजून तिखट आहेत.